तळाला भोकं असलेल्या माशांच्या काचेच्या टाकीत फरशी कशी बसवू?

टिळकवाडीकर: सहा फुटी टाकी, तळाला पाइपसाठी दोन भोकं. डिस्कस मासे पाळायचेत, म्हणून वाळू नको, फरशीच हवी. घरात शहाबादी शिल्लक आहे, चालेल काय?

खानापूरकर: शहाबादी नको ओ! चुनखडक तो. पाणी जड होतं, डिस्कसना मऊ लागतं. व्हिनेगरचा थेंब टाकून बघा की, फसफसेल. पोर्सिलेन घ्या.

निपाणीकर: फरशीतलं भोक पाइपच्या जोडाच्या वायसरपेक्षा अर्धा इंच मोठं ठेवा. तो रबरी वायसर काचेवरच बसला पाहिजे. फरशीच्या खडबडीत पाठीवर बसवलात तर गळणारच. फरशीला भोक पाडायला ड्रिलचं डायमंड बिट, सावकाश, पाणी सोडत.

टिळकवाडीकर: सांधे सिमेंटनं भरू?

खानापूरकर: नको, पीएच चढेल. बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन वापरा, भोकाची कडसुद्धा बंद करा. फरशीखाली खाणं शिरलं की कुजतं, त्रास माशांना.