‘प्रिव्हिलेज’ला मराठी शब्द: विशेषाधिकार नक्की कुणाचा?

शब्दवेडी
पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी एक पुस्तिका आहे, तिचा अनुवाद करते आहे. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं ‘प्रिव्हिलेज्ड अँड कॉन्फिडेन्शियल’ असतं, असं मूळ वाक्य. मी लिहिलं, ‘हा संवाद विशेषाधिकारप्राप्त व गोपनीय असतो.’ मसुदा आईला वाचायला दिला. तिने विचारलं, “म्हणजे माझं बोलणं बाहेर सांगायचा वकिलाला खास अधिकार असतो का?” नेमका उलटा अर्थ पोचला! नुसतं ‘गोपनीय’ लिहून भागेल का?

काळा_कोट
नाही भागणार. बँकेतलं खातंही गोपनीयच असतं, पण कोर्टाने मागवलं की उतारा द्यावा लागतो. वकिलाला साक्षीसाठी पिंजऱ्यात उभं केलं तरी अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याला तोंड उघडता येत नाही. आधी १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२. वकीलपत्र संपलं तरी हे बंधन संपत नाही. आणि हे संरक्षण अशिलाचं आहे, वकिलाचं नव्हे. ते सोडायचं की नाही हे अशील ठरवतो. ‘विशेषाधिकारा’त हेच हरवतं. विधिमंडळात तो आमदारांचा, म्हणून इथे तो वकिलाचा असेल असं वाटणारच.

शुद्धमराठी
‘अनुद्घाट्य संभाषण’ असा शब्द घडवता येईल. जे उघड करता येत नाही ते. ‘गोपनीय’मधला ‘गुप्’ धातू तर मुळात रक्षण करणे याच अर्थाचा आहे. ‘गोपनीय’ म्हणजे राखण्याजोगं. लोकांनी त्याचं ‘लपवलेलं’ करून टाकलं. आणि ‘अशील’ कशाला? अ-शील, म्हणजे शील नसलेला! ‘पक्षकार’ लिहा.

बखरप्रेमी
अहो, ‘अशील’मध्ये शीलाचा संबंधच नाही. अरबी ‘असील’, म्हणजे मूळचा, ज्याचं काम आहे तो. ‘अस्सल’ त्याच घरातला. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. दोन्ही शब्द जोडीने आले आहेत, एकाला काढलंत तर दुसरा उघडा पडेल. पक्षकार तर दाव्यातला कुणीही असतो. नुसता सल्ला घ्यायला आलेला माणूस अजून पक्षकार झालेलाच नसतो, पण त्याचंही बोलणं राखायचं असतं.

काळा_कोट
हा मुद्दा एकदम पटला. जुन्या कलमाच्या इंग्रजीतही बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर यांच्या रांगेत ‘वकील’ हाच शब्द छापलेला होता. नव्यात फक्त ‘अॅडव्होकेट’ उरला.

निवृत्त_कारकून
एकतीस वर्षं वकिलांकडे टंकलेखन केलं. साहेबांचा एकच शब्द होता, “पोटात ठेवायचं.” तेव्हा दुसरी प्रत काढायला दोन कागदांत शाईचा कार्बन-कागद घालत असू. नवा कार्बन एकदाच वापरला की उजेडासमोर धरून त्यावरची अक्षरं सरळ वाचता येतात. म्हणून अशिलाची हकिकत टंकून झाली की तो कार्बन माझ्या हातून त्यांच्या टेबलावर जायचा आणि ते स्वतः त्याचे तुकडे करायचे. दुसऱ्या कागदाला तो कधी लावला नाही. हे बंधन कायद्याने कारकुनावरही असतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी ते त्यांचा शब्द म्हणूनच पाळलं.

शब्दवेडी
काका, कार्बनची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. ‘पोटात ठेवणे’ पुस्तिकेत कसं बसवू?

निवृत्त_कारकून
‘तुम्ही वकिलाला सांगितलेलं तो पोटात ठेवतो; कोर्टही त्याच्याकडून ते काढून घेऊ शकत नाही.’ एवढं लिहा.

काळा_कोट
एवढ्यावर सोडू नका. कायद्यातच फरक दाखवला आहे. ‘मी खोटा दस्त केला, माझा बचाव करा’ हे राखलं जातं. ‘खोट्या दस्तावर मला मिळकत मिळवायची आहे, दावा लावा’ हे नाही. झालेल्या गुन्ह्याची कबुली पोटात राहते, करायच्या गुन्ह्याची मसलत राहत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांनाही बजावलं, की अशिलाबद्दल विचारायला वकिलाला समन्स काढू नका, या अपवादांत बसत असेल तेव्हाच काढा.

शुद्धमराठी
‘पोटात ठेवणे’ बोलीत ठीक. पण उद्या निकालपत्रात काय लिहाल? कायद्याला नाम लागतं.

शब्दवेडी
पण माझा वाचक निकालपत्र लिहिणारा नाही. घाबरून वकिलासमोर बसलेला आहे. वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये असं आपण त्याला सांगतो, मग का लपवू नये तेही त्याला कळलं पाहिजे. ‘संरक्षित संवाद’ कसं वाटतं?

काळा_कोट
चालेल. पण ती वैद्याची जोडी मोडा. आपल्या पुरावा कायद्यात डॉक्टरला असं संरक्षण नाही. डॉक्टरला कोर्टात सांगावं लागतं.

बखरप्रेमी
वकिलावरून आठवलं. पेशव्यांचे दिल्लीतले वकील कोर्टात उभे राहणारे नव्हते, ते दरबारातले प्रतिनिधी. १७८४मध्ये महादजी शिंद्यांना बादशहाने ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, केलं ते याच अर्थाने. आपण परदेशी दूतावासाला ‘वकिलात’ म्हणतो, तेही तिथूनच.

शुद्धमराठी
मग ‘दूतावास’ सरळ असताना ‘वकिलात’ कशाला?

बखरप्रेमी
कारण ‘दूत’ निरोप पोचवतो आणि वकील धन्याच्या वतीने बोलतो. हा फरक ‘दूतावासा’त उरत नाही.

निवृत्त_कारकून
आमच्या साहेबांच्या पाटीवर शेवटपर्यंत ‘वकील’ एवढंच होतं.