मदत हवी आहे: पार्किंगवर झाड झुकलंय, पाऊस तोंडावर आलाय, पालिकेत कोणी दाद देत नाही

वैतागलेला सेक्रेटरी:
लोकहो, जरा तातडीने सांगा. आमच्या पार्किंगवर झाड झुकलंय, परवाच्या वळवाच्या पावसात आणखी खाली आलं आणि एक जाडजूड फांदी मोडून गाड्यांच्या मधोमध पडली, नशीब खाली कोणी नव्हतं. पालिकेत अर्ज दिलाय, तो कुठे गेला देव जाणे, फोन केला की साहेब साईटवर गेलेत. सरळ माणूस बोलावून तोडून टाकलं तर काय होईल एवढंच विचारायचंय. कृपया ‘झाडे लावा, झाडे जगवा’ नको, झाडं मलाही आवडतात.

तिसरा मजला:
कुठलं झाड? किती जुनं? तोडायचंय की नुसतं छाटायचंय? महापालिका की नगरपरिषद? काहीच सांगितलं नाहीत तर लोक काय डोंबल सांगणार.

रानवाटा:
परवानगीशिवाय हात लावू नका. झाडांच्या संरक्षणाचा आपल्याकडचा नागरी भागासाठीचा कायदा १९७५ चा आहे, त्यात तोडणं म्हणजे नुसतं मुळापासून कापणं नाही, जाळणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं आलं. आणि गुन्हा नोंदवला जातो बरं का. आमच्या शेजारच्या बंगलेवाल्यांना वाटलं होतं, आपली जागा आपलं झाड, आता तारखांना जातायत.

वैतागलेला सेक्रेटरी:
नगरपरिषद. गुलमोहर आहे. वय कोणाला माहीत, बिल्डिंग झाली तेव्हा मोठंच होतं. आणि जीव गेल्यावर गुन्हा कोणावर, ते पण सांगा.

पानगळ:
गुलमोहर म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ, जोराचा वारा आला की मोडलंच. दिसायला सुंदर म्हणून रस्तोरस्ती लावून ठेवलेत. आपल्याकडची झाडं लावली असती, कडुनिंब, करंज, तर ही वेळ आली नसती.

काँक्रीटबहाद्दर:
@पानगळ उगाच झाडाला दोष देऊ नका. बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवायचे, गटारासाठी खणताना मुळं तोडायची आणि मग झाड पडलं की म्हणायचं झाडच वाईट. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या गावात एक तरी झाड दाखवा असं.

पानगळ:
तुम्ही गुलमोहर न पडलेलं गाव दाखवा. 🙂

निवृत्त आवक-जावक:
भांडा नंतर. सेक्रेटरीसाहेब, अर्ज कुठे दिलात, कोणाच्या नावे, पोच आहे का? मी याच खात्यात आयुष्य काढलंय म्हणून विचारतो.

वैतागलेला सेक्रेटरी:
नगरसेवकांना व्हॉट्सॅपवर फोटो आणि पत्र पाठवलं, ते म्हणाले पुढे पाठवतो. पोच कसली?

निवृत्त आवक-जावक:
अहो मग कार्यालयाच्या लेखी तुम्ही अर्ज केलेलाच नाही. असं करा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे दोन प्रतींत अर्ज लिहा, विषयात ‘वृक्ष अधिकारी यांच्याकडून पाहणी होणेबाबत’ असं स्वच्छ टाका. आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. लहान नगरपरिषदेत वृक्ष अधिकारी म्हणजे आरोग्य किंवा बांधकामवाल्याकडे दिलेला जादा भार असतो, त्यामुळे ‘साहेब साईटवर’ हे खरंही असू शकतं. सोबत फोटो जोडा, झाड, मोडलेली फांदी, खालच्या गाड्या, सगळं एका चौकटीत येईल असे. आणि मागणी छाटणीची करा, तोडायची नको. तोडायचं म्हटलं की झाडावर नोटीस चिकटवा, पेपरात द्या, हरकती मागवा, सगळं चक्र फिरतं, त्यात अर्धा पावसाळा जातो. मात्र झाड जीवाला धोकादायक असल्याचं वृक्ष प्राधिकरणाचं, म्हणजे झाडांच्या परवानग्या बघणाऱ्या पालिकेच्या समितीचं, मत पडलं तर परवानगी नाकारता येत नाही, तेही कायद्यातच आहे, म्हणून ‘धोकादायक’ हा शब्द अर्जात पाहिजेच.

सोपा उपाय:
एवढं कशाला, बुंध्यात भोक पाडून ‘औषध’ घाला, दोन महिन्यांत वाळेल, वाळलेल्या झाडाला लगेच परवानगी मिळते. सगळे बिल्डर हेच करतात.

रानवाटा:
@सोपा उपाय हे जाहीर लिहायला धाडस लागतं. ती पण इजाच, गुन्हाच. शिवाय डोकं चालवा, यांना झाड पडण्याची भीती आहे आणि तुम्ही वाळवायला सांगताय, ऐन जुलैत वाळकं खोड पार्किंगवर येईल.

आरोग्यदायी:
पावसाळ्याआधी टाक्या धुऊन घ्या, गच्चीवरच्या कुंड्यांच्या ताटल्या, टायर, नारळाच्या करवंट्या काढा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. आमच्या सोसायटीने पाळला, फरक पडला.

तिसरा मजला:
आरोग्यदायीताई, बरोबर आहे सगळं, पण धागा झाडाचा आहे.

कुंपणावरचा:
एक विचारतो, झाड नक्की कोणाच्या जागेत आहे?

वैतागलेला सेक्रेटरी:
भिंतीच्या पलीकडे, शेजारच्या प्लॉटमध्ये. म्हणून तर अडचण आहे ना. मालक बाहेरगावी, प्लॉट रिकामा. फांद्यांतून विजेच्या तारा पण जातात.

कुंपणावरचा:
वा! हे दुसऱ्याच ओळीत लिहायचं होतंत राव.

निवृत्त आवक-जावक:
मग गणित बदललं. खाजगी जागेतलं झाड म्हणजे परवानगी पालिकेची, पण माणूस आणि खर्च साधारण मालकाचा. अर्ज तुम्ही करायचाच, धोका तुमच्याकडे आहे, फक्त अर्जात लिहा की मालकाला नोटीस काढावी. मालकाचा पत्ता कर विभागात असतोच, तुम्ही शोधत बसू नका. शिवाय मालकाला तुमच्या लेटरहेडवर स्पीड पोस्टने, पोचपावती मागून पत्र टाका. कुणाची हानी झालीच तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं त्यांना म्हणता येणार नाही.

लाईनमन नव्हे:
तारा आहेत ना, मग महावितरणकडे वेगळी तक्रार करा, १९१२ वर. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तारांजवळच्या फांद्या ते मान्सूनपूर्व कामात स्वतः छाटतात, त्यासाठीच मे महिन्यात गुरुवार गुरुवार लाईट जाते आणि आपण शिव्या देतो. चालू तारेखाली तुमचा तो ‘माणूस’ कोयता घेऊन चढवू नका, ओली फांदी तारेला लागली की संपलं.

पानगळ:
आणि घाईत आपल्या बाजूच्या तेवढ्या फांद्या कापू नका. एका अंगाने छाटलं की सगळा भार दुसरीकडे जातो. बुंधा बघा आधी. झुकाव ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूची जमीन फुगली किंवा भेगा पडल्या असतील तर मुळं सुटतायत, मग छाटणीने भागणार नाही. बुंध्याला अळंबीसारखं काही उगवलंय का तेही बघा, आतून कुजल्याची खूण असते.

रानवाटा:
घरटी पण बघा प्लीज. बगळे, कावळे याच दिवसांत असतात, पिल्लं असलेलं झाड छाटलं की खाली सडा पडतो.

वैतागलेला सेक्रेटरी:
एवढा वेळ आहे का? बातम्यांत मान्सून लवकर म्हणतायत.

काँक्रीटबहाद्दर:
२०२५ मध्ये मुंबईत २६ मेलाच आला होता, नेहमीची तारीख ११ जून. म्हणून ‘जूनला बघू’ म्हणू नका.

तिसरा मजला:
तोपर्यंत गाड्या हलवा की! झाडाखाली दोरी बांधा, फलक लावा. हे करायला कोणाची परवानगी लागते?

वैतागलेला सेक्रेटरी:
गाड्या हलवायला सभासद तयार नाहीत, प्रत्येकाला आपलीच जागा पाहिजे. बरं, आज आवक क्रमांक घेतला, १९१२ वर पण केलं. भिंतीवर चढून बघितलं, पलीकडे जमीन फुगलीय थोडी. भेगा आहेत.

पानगळ:
मग हे ‘थोडी’ नाही. भेगांचे फोटो जोडून उद्याच दुसरा अर्ज द्या, त्यात छाटणी नको, तातडीने पाहणी मागा.

निवृत्त आवक-जावक:
आणि त्याची एक प्रत तहसील कार्यालयात द्या, मान्सूनच्या सुमाराला तिथे आपत्तीचा नियंत्रण कक्ष सुरू होतो. पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक दुसऱ्यात संदर्भ म्हणून टाका. रात्रीत काही झालंच तर ११२ किंवा अग्निशमन १०१, तारा तुटल्या असतील तर त्यांना आधी तेच सांगा.

वैतागलेला सेक्रेटरी:
ठीक. आणि एक राहिलं, त्याच झाडाला केबलवाल्याच्या वायरी गुंडाळल्यात, त्या कोण काढणार?

कुंपणावरचा:
हे पण आत्ता सांगताय! केबलवाल्याला फोन करा, फुटबॉलची मॅच चालू असताना नको.