स्टर्नॅलिस: एक जादा स्नायू
पोलंड सिंड्रोम या विकारात पेक्टोरॅलिस मेजर या छातीच्या मोठ्या स्नायूचा उरोस्थीकडचा (छातीच्या मधल्या हाडाकडचा) भाग जन्मतःच नसतो. त्याउलट, मला जादा असलेल्या एका स्नायूबद्दल सांगावेसे वाटते. स्टर्नॅलिस हा थोड्याच व्यक्तींमध्ये आढळणारा स्नायू उरोस्थीच्या कडेने, पेक्टोरॅलिस मेजरच्या पृष्ठभागावरून उभा जातो आणि बहुधा एकाच बाजूला असतो. मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या) वरून खाली घेतलेल्या चित्रात तो स्तनाच्या आतल्या कडेला, छातीच्या भिंतीलगत, ज्योतीच्या आकाराच्या पांढऱ्या डागासारखा दिसतो, तिरप्या चित्रात मात्र सहसा दिसत नाही; त्यामुळे गाठीचा संशय येऊन विनाकारण बायोप्सी (सुईने ऊतीचा नमुना काढून तपासणी) होऊ शकते. सीटी किंवा एमआरआयमध्ये त्याचा उभा पट्टा स्पष्ट ओळखता येतो, म्हणून सुई टोचण्याआधी ही शक्यता तपासलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.