कियामाच्या ब्लोहोलसाठी कोणता दिवस राखून ठेवावा?

नमस्कार मंडळी,

सुट्टीत आई-बाबा आणि मुलाला घेऊन सिडनीला जातोय. तिथून एक दिवस कियामाला, तिथलं ब्लोहोल (लाटांचं पाणी वर उडवणारं खडकातलं भोक) बघायला जायचं नक्की आहे. अंतर साधारण १२० किमी, ट्रेन थेट जाते. अडलंय ते दिवस ठरवण्यावर. काही व्हिडिओंत पाणी २५ मीटरपर्यंत उसळलेलं दिसतं, तर काहींनी लिहिलंय की तासभर उभं राहून नुसती गुडगुड ऐकली. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. सागरी गुहेत लाट शिरते, आतली हवा दाबली जाते आणि छताच्या भोकातून पाणी वर फेकलं जातं, हे ते फळ्यावर काढून दाखवत. त्यांना ते प्रत्यक्ष दिसावं, एवढीच मनापासून इच्छा आहे.

भरतीची वेळ पाहून जावं का? की आणखी काही बघावं लागतं? मुलगा आठ वर्षांचा आहे आणि कमालीचा चपळ, म्हणून कठड्यांबद्दलही सांगा. आईचे गुडघे दुखतात, तिला फार चालवत नाही.

प्रतिसाद:

भरतीपेक्षा लाटांची दिशा महत्त्वाची. मोठं ब्लोहोल आग्नेयेकडून लाटा आल्या की खरं रंगात येतं. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या किनारी अंदाजात ‘स्वेल’ची, म्हणजे दूरच्या समुद्रातून येणाऱ्या लाटांची, दिशा आणि उंची दिलेली असते, ती बघा. वाऱ्याच्या दिशेशी तिची गल्लत करू नका. लाटा ईशान्येकडून असतील तर दक्षिणेला थोड्या अंतरावरचं ‘लिटल ब्लोहोल’ गाठा. ते लहान आहे, पण समुद्र बेताचा असतानाही उडतं. तिथे आईंना टॅक्सीने न्या.

मोठ्या ब्लोहोलला कठडे आहेत, त्यांच्या आतूनच छान दिसतं. पलीकडच्या खडकांवर कुणीही उतरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. १९९२ मध्ये तिथे सात जण बुडाले. फवारा उंच उडतो त्याच दिवशी ते खडक सर्वांत धोक्याचे असतात. मुलाचा हात धरूनच ठेवा.

धागाकर्ता:

खूप आभार! स्वेलचं माहीतच नव्हतं. मग दिवस आधी ठरवायलाच नको ना? की ट्रेनचं आरक्षण लागतं?

प्रतिसाद:

आरक्षण लागत नाही. आदल्या संध्याकाळी अंदाज बघा आणि सकाळी निघा.