चार घोणशी मिळून रानडुकराला लढू न देताच मारतात, विषाचा हिशोब कसा बसवू?

वर्तकनगरकर
आम्ही पाच जण जंगलाचा एक मल्टिप्लेअर गेम बनवतोय. त्यात माणूस नाहीच. येऊरच्या रानातले नाग, घोणस, मुंगूस, रानडुक्कर, बिबट्या हेच खेळाडू. गाडी अडलीय घोणशीच्या विषावर. आधी चावल्यावर 10 सेकंद, दर सेकंदाला 3 हेल्थ जायची. मुंगसाची हेल्थ 25, ते नवव्या सेकंदाला खलास. डुकराची 300, त्याला काही फरकच नाही. म्हणून टक्के लावले: दर सेकंदाला एकूण हेल्थच्या 3 टक्के. मुंगूस वाचलं. पण रविवारी चौघांनी घोणशी घेतल्या, एकेक चावा घेऊन झुडपात शिरल्या. 30 चोक 120! माझी भाची डुक्कर होती. धडक मारायला समोर कोणी नाही, नुसती हेल्थची पट्टी उतरताना बघत बसली. मेली तशी फोन ठेवून आतल्या खोलीत गेली. मला फार वाईट वाटलं. टक्के कमी करावेत तर एकट्या घोणशीच्या हातात काही उरत नाही. काय करू?

ऐरोलीकर
दादा, टक्के राहू द्या, बेरीज काढून टाका. माइनक्राफ्ट गेममध्ये विषावर विष चढलं तरी डॅमेजची बेरीज होत नाही, जास्त जोराचं असतं ते चालतं. शिवाय ते विष अर्ध्या हृदयावर थांबतं, जीव घेत नाही. शेवटचा घाव कोणीतरी येऊन घालावा लागतो. तुमच्याकडेही हेच हवं.

वर्तकनगरकर
काल करून बघितलं. बेरीज गेली, पण नवा चावा बसला की 10 सेकंद पुन्हा सुरू होतात. चौघी पाळीपाळीनं चावल्या, तर 34व्या सेकंदाच्या आत डुकराची हेल्थ तळाला. मग कोणीही येऊन टोचलं की संपलं.

घणसोलीची ताई
विष अंगात असताना बसलेला पुढचा प्रत्येक चावा निम्मा करा. 30, 15, साडेसात, पावणेचार. मिळून सव्वा 56 टक्के. 300 पैकी 169 गेले तरी डुक्कर धडक द्यायला उभं राहतं. विष उतरून 20 सेकंद झाले की मोजणी नव्यानं. ही मोजणी डुकरावर ठेवा, घोणशीवर नको, आणि सर्व्हरवरच करा. नाहीतर ज्याचं नेट हळू, त्याला पट्टी भलतीच दिसेल.

आणखी एक. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. नाग आणि घोणस यांना एकच विष देऊ नका. नागाचं विष नस आणि स्नायू जिथे जोडतात तिथे बसतं, अंग लुळं पडतं. घोणशीचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. म्हणजे हेल्थ गळणं घोणशीचं. नागानं 4 सेकंद वेग कमी करावा. मुंगसात त्या जोडाची घडणच वेगळी असते, नागाचं विष तिथे नीट चिकटत नाही. म्हणून त्याला ते कमी बाधतं, अजिबात बाधत नाही असं नाही.

वर्तकनगरकर
ताई, मी मुंगसाला नागापासून पूर्ण सूट दिली होती. म्हणूनच नाग कोणी घेत नव्हतं! आता मुंगसाला 4 ऐवजी 1 सेकंद. निम्म्याचा हिशोब आज रात्री बसवतो. भाचीचं म्हणणं एवढंच, की चावा कुठल्या झुडपातून आला ते दिसू दे. ते आधी करतोय.