इराण नुसता धर्मावर चालला नाही

भाऊ, ‘सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथल्या नव्या देशांशी वागताना तुर्कस्तान भाषेवर चालला आणि इराण धर्मावर’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. आमच्या दारव्ह्याकडे अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं हेच घोकतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

तुर्कस्तानचं ठीक आहे. तुर्कीच्या जवळची भाषा बोलणाऱ्या अझरबैजानला नोव्हेंबर १९९१ मध्ये सगळ्यात आधी मान्यता त्यानंच दिली. पण अझरबैजान इराणसारखंच शियाबहुल असूनही इराणनं त्याच्याशी लढणाऱ्या ख्रिस्ती आर्मेनियाशी जमवून घेतलं. १९९३ मध्ये तुर्कस्ताननं आर्मेनियाची सीमा बंद केली, तेव्हा अरास नदी ओलांडून आर्मेनियाच्या दक्षिण टोकाच्या मेघ्रीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून इराणचा माल जातच राहिला. कारण घरचंच होतं. इराणच्याच तबरीझ, अर्दबील भागात लाखो अझरी (अझरबैजानी वंशाचे लोक) इराणचे नागरिक आहेत, आणि १९९२ मध्ये बाकूत अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले एल्चिबेय दोन्हीकडचे अझरी एक व्हावेत असं उघड बोलत. तेहरानला ते कसं खपणार?

उलट ताजिकिस्तान सुन्नी, पण बोली इराणचीच, फारसी. तिथल्या यादवीवर १९९७ मध्ये समझोता झाला, त्यात रशियासोबत इराणनंही मध्यस्थी केली. आणि इराणला तुर्कमेनिस्तानशी जोडणारा १९९६ चा मशहद-सरख्स-तेजेन रेल्वेमार्ग? मध्य आशियाला रशिया टाळून समुद्राकडे जायची वाट त्यानं मिळाली. माझ्या मते हा तर सगळ्यात मोठा मुद्दा, अन् चर्चेत त्याचं नावही नाही.