पेन ड्राइव्ह खुपसून हात वर करायचे २,५०० रुपये?

ऑक्टापॅडवाला
मांडवीकरांची कालची पोस्ट सकाळी चहाबरोबर वाचली आणि चहा कडू झाला. ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: लेकीच्या हट्टापायी ते शनिवारी शहराबाहेरच्या मैदानावर इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या कार्यक्रमाला गेले, माणशी २,५०० मोजले. त्यांचं म्हणणं, "स्टेजवरच्या पोराने पेन ड्राइव्ह खुपसला, दीड तास हात वर केले आणि गेला. यापेक्षा आपल्या बडोद्याचा गरबा बरा, तिथे निदान माणसं वाजवतात."

तर मांडवीकर, त्या माणसांपैकी मी एक. अकरा नवरात्री ऑक्टापॅड वाजवतोय. आठ रबरी चौकोन असतात. वरच्या डाव्यावर काठी पडली की ढोल वाजतो. तो ढोल मी वाजवलेला नाही, कुणीतरी कधीतरी स्टुडिओत वाजवून ठेवलाय. खालच्या कोपऱ्यात मंजिऱ्यांचा लूप आहे. एकदा काठी मारली की पुन्हा मारेपर्यंत तो आपला आपण चालतो आणि मी तेवढ्यात पाणी पिऊन घेतो. शेजारच्या कीबोर्डवाल्याकडे शरणाई, बासरी, व्हायोलिन सगळं एकाच डब्यात. आजवर एकही माणूस येऊन म्हणाला नाही की भाऊ, तुमचा ढोल खोटा आहे.

आवाज कुठून येतो यावर लाइव्ह ठरत नाही. माझा प्रश्न एकच. गोल रंगात आलाय, बाया हींच, म्हणजे गरब्याचा तो ठेका, सोडायला तयार नाहीत, अशा वेळी वाजवणाऱ्याला तीच हींच आणखी चार आवर्तनं ओढता येते का? आम्हाला येते. गायक मागे न बघता कोपर जरासं उचलतो, तेवढं आम्हाला पुरतं. ज्याला येत नाही त्याच्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि असे आहेत. कॅनडाच्या डेडमाऊसने २०१२ मध्ये स्वतःच लिहून टाकलं की आम्ही सगळे प्लेच दाबतो. मोठ्या शोमध्ये दिवे आणि पडद्यावरची चित्रं टाइमकोडने, म्हणजे सेकंदासेकंदाच्या खुणांनी, गाण्याला बांधलेली असतात. मनात आलं म्हणून गाणं लांबवलं तर दिवे एकीकडे, गाणं दुसरीकडे. पण म्हणून सरसकट सगळ्यांना पेन ड्राइव्हवाले म्हणायचं?

मांडवीकर
बरं, कोपर. पण त्या पोराला मैदानातलं काही दिसत तरी होतं का? रात्री साडेनऊला डोळ्यांवर काळा चष्मा. आणि २,५०० वर गाडीचे ३०० वेगळे, तेही दीड किलोमीटर लांब, चिखलात. पाण्याची बाटली ८० ला. घरची बाटली गेटवर काढून घेतली, सुरक्षेसाठी म्हणे. पाण्याने कोण कुणाला मारतं? एवढं घेतल्यावर माणसाने निदान काहीतरी वाजवावं ने.

वाघोडिया_रोड
काका, मी डीजेच आहे. पेन ड्राइव्हमध्ये एक गाणं नसतं, माझ्यात आठशे आहेत. पुढचं कुठलं लागणार ते मला पाच मिनिटं आधी माहीत नसतं. एका कानाला हेडफोन, दुसरा कान उघडा. आत पुढच्या गाण्याचा ठोका, बाहेर चालू गाण्याचा. दोन्ही जुळले नाहीत तर टापा ऐकू येतात, घोडा लंगडल्यासारख्या. मग यंत्रावरच्या चाकाच्या कडेला बोट लावून एक गाणं जरासं पुढे ढकलायचं. मागच्या डिसेंबरात पार्टी प्लॉटवर रिसेप्शन होतं. नवरीची एन्ट्री ठरल्यापेक्षा आठ मिनिटं उशिरा, कारण तिच्या मामांचा फेटा सापडेना. एन्ट्रीच्या गाण्याची सुरुवातीची चार मापं मी आठ मिनिटं फिरवत ठेवली, मधे ढोल घातला, काढला, पुन्हा घातला. लोकांना वाटलं असंच बसवलंय. सगळ्यात शेवटी मामा आले. फेटा नव्हताच.

आणि हो, सिंक बटण असतं. ठोके तेच जुळवतं. मीही दाबते. ओरडा आता.

षड्ज_पंचम
ओरडत नाही, फक्त विचारतो. लय यंत्राने धरायची, स्वर यंत्राने द्यायचा, मग कलाकाराने काय करायचं? मामांचा फेटा शोधायचा? ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा काढून मौलाबक्षांच्या हाती दिली, फैयाज खाँसाहेब ज्या दरबारचे गवई होते, तिथे 'लाइव्ह' कशाला म्हणावं यावर वाद घालायची वेळ यावी! दोन तानपुरे लावायचे, त्यांच्यामधे बसायचं आणि सा लावायचा. पुढे जे होईल ते लाइव्ह. बाकी सगळी करमणूक. करमणुकीला माझी हरकत नाही, नावाला आहे.

ऑक्टापॅडवाला
काका, मान राखून बोलतो. कोजागरीला तुमच्या गाण्याला मी पुढेच सतरंजीवर होतो. तानपुरे दोन होते, खरं. पण डावीकडच्या तानपुऱ्याच्या मागे रुमालाखाली काय झाकलं होतं? त्या रुमालातून लाल दिवा लुकलुकत होता.

फक्त_वाचतो
😂😂 आज दुकान उशिरा उघडणार.

षड्ज_पंचम
झाकलं नव्हतं, धुळीपासून जपलं होतं. हो, इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. मागे धरायला शिष्य लागतात. एक पोर बंगळूरला नोकरीला, दुसरीची परीक्षा. उघड्या गच्चीवर दव पडलं की तारा उतरतात. बंदिशीच्या मधे खुंट्या पिळत बसू? जी. राज नारायण यांनी हा डबा काढला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आज भल्याभल्या गवयांच्या मागे तो असतो. तो आधार आहे. गाणं मी गातो.

वाघोडिया_रोड
मग सिंक बटण पण आधारच आहे की! गाणी मी निवडते.

खर्जातला_माणूस
मुख्य मुद्दा बाजूला ठेवा, हा तानपुऱ्याचाच विषय धरा. डब्यातला तानपुरा तानपुरा नाहीच. खऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेली झणझण, उघडी असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो आणि दर झंकाराला तो थोडा वेगळा असतो. डब्यात तोच झंकार फिरून फिरून येतो. दहा मिनिटांनी माझा कान बधिर होतो. पूर्वी गुरुजी वर्षभर नुसता तानपुरा छेडायला बसवायचे, आता मोबाइलवर ॲप लावून पोरं पहिल्याच दिवशी तान मागतात. सगळा नाश तिथून सुरू झाला.

ऑक्टापॅडवाला
सगळा नाश कधी पेटीपासून सुरू होतो, कधी माइकपासून. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. आज पेटीशिवाय कुठली मैफल होते?

षड्ज_पंचम
अर्धवट माहितीवर तावातावाने बोलू नये. ती बंदी यंत्र म्हणून नव्हती. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि तिचे स्वर पट्टीत कायमचे ठोकून बसवलेले असतात, आक्षेप त्यावर होता. आणि तो आक्षेप आजही बरोबर आहे. काठीवाल्यांना मींड म्हणजे काय ते कळायचं नाही.

ऑक्टापॅडवाला
काठीवाले! गणपतीत तुमच्याच वाड्यातल्या आरतीला फुकट वाजवून गेलो तेव्हा नाही वाटलं काठीवाला?

फक्त_वाचतो
गणपतीवरून आठवलं. सगळे स्टेजवरच्या डीजेवर बोलताय, ट्रकवरच्या डीजेचं काय? आमचं दुकान दांडिया बाजारात आहे. विसर्जनाला ट्रक पुढून गेला की शोकेसची काच थरथरते आणि आतल्या बरण्या एक-एक बोट सरकतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद असा नियम आहे, पण सणांसाठी वर्षातून पंधरा दिवस राज्याला बारापर्यंत सूट देता येते आणि ते पंधरा दिवस नेमके माझ्याच दुकानापुढे येतात. त्या ट्रकवर तर हात वर करायलाही कुणी नसतं.

वाघोडिया_रोड
तो डीजे नाही, तो जनरेटर आहे. आमचं नाव उगाच खराब.

षड्ज_पंचम काका, एक ऐका. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंगांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं जोडून दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे गृहस्थ. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक चकित झाले, कारण ते ज्याला आपला शोध समजत होते तसलाच आवाज हा माणूस आधीच करून बसला होता. म्हातारपणी तीच यंत्रं घेऊन ते स्टेजवर वाजवायला गेले. त्यातला भैरव ऐका आणि मग बोला.

मांडवीकर
त्याला तिकीट किती होतं?

षड्ज_पंचम
ऐकला. दोनदा. कोमल ऋषभ जागेवर आहे. आंदोलन, म्हणजे स्वराचा हलका झोका, नाही, ते यंत्राकडून होणारही नाही. पण त्या गृहस्थाला भैरव माहीत होता, एवढं मान्य करावं लागेल. ठोका असह्य आहे. दुसऱ्यांदा थोडा कमी असह्य वाटला, तो स्पीकरचा दोष असावा.

काठीवाल्यांना: आरतीला वाजवलंत ते लक्षात आहे. मिरजेहून तारा येऊन महिना झाला, तशाच पुडीत आहेत. हात थरथरतो, जवारीचा दोरा घोडीवर नेमका बसत नाही. रविवारी सकाळी कुणाला वेळ असेल तर.

ऑक्टापॅडवाला
नऊला येतो. तोवर डब्यावरचा रुमाल काढून ठेवा.

खर्जातला_माणूस
दोरा सुती आणा. नायलॉनचा आणाल तर मी येणार नाही.

षड्ज_पंचम
तुम्हाला बोलावलंय कुणी?

मांडवीकर
मीही लेकीला घेऊन आलो असतो. काकांच्या गल्लीत गाडी लावता येते का?